रोजच्या रस्त्याला आणि रविवारच्या घाटाला पुरेल अशी मोटार

काठी (ता. अक्कलकुवा) : नंदुरबारहून हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून तळोदा, तेथून अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट चढून मोलगी आणि पुढे काठी, हा प्रवास मोटार पारखणाऱ्याला बरेच काही शिकवून जातो. सुरुवातीला केळी-उसाच्या शेतांमधून जाणारा सपाट रस्ता लागतो. मध्ये बाजारपेठांची गर्दी आणि गतिरोधकांची माळ असते. अखेरीस सातपुड्याची नागमोडी वळणे सुरू होतात. तेथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि पावसाळ्यानंतर साइडपट्टीवर वाहून आलेली खडी. होळीच्या रात्री काठीच्या राजवाडी होळीला येणाऱ्यांची वाहने याच रस्त्याने चढतात. उंच बांबूची ही होळी पहाटे पेटते, आणि घुंगरू बांधून, मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचणारे बावा-बुध्या पाहण्यासाठी आलेल्या पाहुण्यांची गाडी उतरत्या घाटाला लागते ती जागरणाने डोळे जड झालेले असताना.

वेगवान मोटारीविषयीचे आपल्याकडील बहुतेक लेखन मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. जिल्ह्याच्या गावातील ग्राहकाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याला सोमवार ते शनिवार कचेरी, शाळा, दवाखाना आणि अधूनमधून धुळे-सुरत महामार्ग गाठायचा असतो. रविवारी तोरणमाळ किंवा मोलगीच्या वाटेवर चक्र हातात धरण्याचा आनंदही हवा असतो. मोटार मात्र एकच घ्यायची असते, आणि तिचे हप्ते पाच-सात वर्षे फेडायचे असतात. अशा ग्राहकाने माहितीपत्रकातील कोणत्या आकड्यांकडे पाहावे आणि कोणत्यांकडे पाहू नये, हा या लेखाचा विषय आहे.

अश्वशक्ती कितीशी लागते?

मोटारीच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला आकडा अश्वशक्तीचा असतो. त्याचे घाटातील मोल एका साध्या गणिताने कळते. चार माणसांसह दीड हजार किलो वजनाची मोटार आठ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, ताशी ३६ किलोमीटर वेगाने चढत असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे १६ अश्वशक्ती लागते. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा रोध धरला तरी हा आकडा विसाच्या आसपास राहतो. घाट चढणे हे काम कोणतीही साधी हॅचबॅकही करू शकते. प्रत्यक्षात मोलगीच्या घाटात सर्वाधिक काम करणारे वाहन म्हणजे माणसांनी आणि पोत्यांनी खच्चून भरलेली काळी-पिवळी जीप, आणि तिच्या अश्वशक्तीची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

मग अधिक ताकद हवी कशाला? तिचे उत्तर याच जीपच्या मागे अडकल्यावर मिळते. समजा, जीप ताशी ३० किलोमीटरने चढते आहे आणि तिला ओलांडून सुरक्षितपणे पुढे येण्यासाठी मोटारीला तिच्यापेक्षा ३० मीटर अधिक अंतर कापावे लागणार आहे. मोटार चढावर ताशी ४० च्या पुढे जात नसेल, तर हे काम जवळपास ११ सेकंद चालते. तेवढ्या वेळात मोटार १२० मीटर जाते. समोरून ताशी ४० ने वाहन येत असेल तर तेही १२० मीटर जवळ येते. म्हणजे २४० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. तीच मोटार ताशी ५० चा वेग धरू शकली, तर साडेपाच सेकंदांत काम होते आणि १३५ मीटर मोकळा रस्ता पुरतो. ताकदीचा खरा उपयोग हा आहे. चुकीच्या बाजूला घालवावा लागणारा वेळ ती निम्मा करते. (देवगोईच्या वळणांवर १३५ मीटर रस्ताही क्वचितच दिसतो, हे येथेच सांगितलेले बरे. तेथे जीपच्या मागे थांबणे हाच पर्याय असतो.)

हा फरक कमाल अश्वशक्तीवर अवलंबून नसून इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना मिळणाऱ्या जोरावर, म्हणजे टॉर्कवर अवलंबून असतो. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनांचा पूर्ण टॉर्क साधारणतः मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे-मागे मिळतो. चढावर वळण घेताना इंजिन दोन हजार फेऱ्यांवर आलेले असते आणि तेथे ते दम टाकते; गिअर उतरवून, इंजिन ओरडवत पुढे जावे लागते. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत मात्र दीड हजार फेऱ्यांच्या सुमारास पूर्ण जोर येतो. ह्युंदाईच्या एक लिटरच्या टर्बो इंजिनाचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांपासून उपलब्ध होतो, तर फोक्सवॅगन-स्कोडाच्या दीड लिटर इंजिनाचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० पासून. उंचीचाही प्रश्न आहेच. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेत असल्याने ही तूट बरीचशी भरून काढते.

तेव्हा माहितीपत्रकात कमाल टॉर्कचा आकडा पाहावा, पण त्यापुढे बारीक अक्षरांत छापलेली फेऱ्यांची संख्या त्याहून काळजीपूर्वक वाचावी.

महाराष्ट्रातच घडलेली परंपरा

आटोपशीर बांधणीची पण चपळ मोटार ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. देशातील अशा मोटारींपैकी अनेक याच राज्यात तयार झाल्या. ज्या कुर्ल्यात एकेकाळी प्रीमियर पद्मिनी बनत असे, तेथेच २००१ मध्ये फियाटची पालिओ तयार होऊ लागली. तिच्या १.६ लिटरच्या जीटीएक्स आवृत्तीत १०० अश्वशक्ती होती आणि कंपनीच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. त्याच्या नावाने ‘एस १०’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली. गाडी चालवायला बहारदार. पण पेट्रोलची तहान एवढी की, मायलेज हाच मोटारीचा धर्म मानणाऱ्या मध्यमवर्गाने तिच्याकडे दुरूनच पाहिले. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यातून २००४ मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटरच्या टर्बो इंजिनाची आणि दीडशे अश्वशक्तीची ही सेडान तेव्हाच्या मानाने महाग होती; तरी मागे भरपूर सामान बसणारी मोटारही पळू शकते, हे तिने दाखवून दिले.

या परंपरेचा कळस म्हणावा अशा दोन मोटारी पुण्याच्या परिसरातील. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरची दुहेरी क्लचची स्वयंचलित पेटी. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. १.४ लिटरचे टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि दहा लाखांच्या आत शोरूम किंमत. एवढ्या पैशांत एवढी ताकद त्याआधी कोणी दिली नव्हती. मारुतीनेही २०१७ मध्ये एक लिटरच्या टर्बो इंजिनाची बलेनो आरएस काढून पाहिली.

यांपैकी एकही मोटार फार काळ टिकली नाही. बलेनो आरएस तीन वर्षांत गेली, फियाटने २०१९ च्या सुमारास भारतातील विक्रीच थांबवली आणि पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये संपले. कौतुक सगळ्यांनी केले, विकत थोड्यांनीच घेतली. ग्राहकाने हा इतिहास लक्षात ठेवावा. कारण आजही ‘स्पोर्ट’ आवृत्ती ही कंपनीच्या यादीतील सर्वांत आधी कापली जाणारी ओळ असते, आणि तिचे सुटे भाग मूळ मोटारीपेक्षा वेगळे असतील तर पुढील सात वर्षे ते मिळवण्याची यातायात मालकाच्या वाट्याला येते. ज्या आवृत्तीचे इंजिन आणि गिअरपेटी त्याच कंपनीच्या इतर खपाऊ मोटारींतही बसवलेली असते, ती घेणे त्या दृष्टीने शहाणपणाचे.

जमिनीपासूनचे अंतर आणि टायरची भिंत

अबार्थ पुंटोचा पोट आणि जमीन यांतील मोकळा अवकाश, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, १५५ मिलिमीटर होता. डांबरी घाटात वळण घेताना ही ठेंगणी बांधणी फार सुखावह वाटते. परंतु चार माणसे आणि डिकीत सामान असताना मोटार आणखी खाली बसते, आणि गावोगावचे गतिरोधक कोणत्याही नियमपुस्तिकेनुसार घातलेले नसतात. प्रस्तुत प्रतिनिधीच्या एका जुन्या, हौसेने आणखी खाली बसवलेल्या मोटारीचे पोट अशाच एका गतिरोधकावर खरवडले गेले होते, आणि इंजिनचे तेल रस्त्यावर सांडत असताना तिच्या मार्गस्थैर्याचे कौतुक करण्याची इच्छा उरली नव्हती. दोष अर्थात मोटारीचा नव्हता, हौसेचा होता.

सातपुड्याच्या रस्त्यांसाठी १७० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असलेली मोटार घेऊ नये, असे आमचे मत आहे. चाकणला २०२२ पासून तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे हे अंतर १७९ मिलिमीटर आहे. सेडान असूनही ती या कसोटीला उतरते. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओचे ते २०० च्या आसपास आहे.

टायरकडे मात्र बहुतेक ग्राहक केवळ शोभेच्या नजरेने पाहतात. टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे. तिसरा चाकाचा व्यास इंचांत. या टायरची भिंत १२० मिलिमीटर भरते. १९५/५५ आर १६ ची १०७ आणि २१५/४५ आर १७ ची अवघी ९७. भिंत जितकी बुटकी, तितकी मोटार वळणावर तंतोतंत चालते. आणि तितक्याच सहजतेने खड्ड्याच्या काठावर टायर फुटतो किंवा रिम वाकते. शोरूममध्ये मोठ्या चाकांची मोटार देखणी दिसते, हे खरे. मोलगीच्या पुढे ती फुटली आणि स्टेपनी लहान आकाराची निघाली, तर परतीचा सगळा रस्ता ताशी ८० च्या मर्यादेत, तोही खडीवरून, काढावा लागतो. शक्य असेल तेथे एक इंच लहान चाक आणि चांगल्या प्रतीचा टायर ही जोडी घ्यावी. मोटारीच्या चपळाईत सर्वांत स्वस्तात भर घालणारी वस्तू टायर हीच आहे.

उतरणीचा हिशेब

चढणीचे कौतुक सर्वांना असते, पण मोटारीची खरी परीक्षा उतरणीला होते. दीड हजार किलोची मोटार पाचशे मीटर उंचीवरून खाली आली म्हणजे सुमारे दोन युनिट विजेएवढी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर त्यातील मोठा वाटा ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन साठतो. ब्रेक तापतात, पेडल मऊ लागू लागते आणि ऐन वळणावर मोटार अपेक्षेपेक्षा उशिरा थांबते. वेग ताशी ६० ऐवजी ८० असेल तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, हेही ध्यानात असावे. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरावे हा जुन्या ट्रकचालकांचा नियम त्यामुळेच आजही लागू आहे. मागील चाकांना डिस्क ब्रेक असलेली मोटार येथे सरस ठरते. कारण डिस्क मोकळ्या हवेत लवकर थंड होते. स्थैर्य राखणारी ईएसपी यंत्रणा आणि सहा एअरबॅग यांबाबत तडजोड नको. भारत एनकॅप ही देशी अपघात-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. निवडलेल्या मोटारीला तिचे किंवा ग्लोबल एनकॅपचे किती तारे आहेत, हे शोरूममध्ये न विचारता स्वतः तपासावे.

गिअरपेटीचा निर्णयही येथेच होतो. दुहेरी क्लचची स्वयंचलित पेटी मोकळ्या रस्त्यावर अप्रतिम असते. परंतु कोरड्या क्लचच्या पेट्या होळीच्या रात्रीसारख्या गर्दीत, चढावर इंच-इंच सरकताना तापतात. अशा वेळी ॲक्सिलरेटरवर मोटार तोलून न धरता ब्रेक दाबून थांबावे आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच हलावे. जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टर पेटी किंचित सुस्त, पण अशा छळाला अधिक सहनशील. आणि ज्याला रविवारचा आनंद खरोखर हवा आहे, त्याने सहा गिअरची साधी हातपेटी घ्यावी, हे आमचे पक्षपाती मत. रोजच्या गर्दीत डावा पाय दुखतो, ही किंमत आहेच.

खिशाला परवडणारे पर्याय

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून झालेला बदल या निवडीत फार महत्त्वाचा आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत (डिझेल १,५०० सीसीपर्यंत) असलेल्या मोटारींना १८ टक्के कर लागतो. त्यांपेक्षा मोठ्यांना ४० टक्के. योगायोगाने चपळ मोटारींचा एक चांगला वर्ग पहिल्या मर्यादेत बसतो. एक लिटर, १२० अश्वशक्तीची ह्युंदाई आय-२० एन लाइन (२०२१) आणि त्याच ताकदीची, १.२ लिटरची टाटा अल्ट्रोझ रेसर (२०२४) या हॅचबॅक याच मर्यादेतल्या. महिंद्राच्या ३एक्सओचे १.२ लिटरचे थेट इंधन फवारणीचे इंजिन १३० अश्वशक्ती आणि २३० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तरीही ती चार मीटरच्या आत आहे. घाट, कुटुंब आणि कर या तिन्हींचा एकत्र विचार केला, तर हाच पर्याय आम्हाला सर्वांत समतोल वाटतो. उंच बांधणीमुळे वळणावर ती थोडी कलते; हॅचबॅकची चटपटीत चाल तिच्यात नाही.

ज्याचे अंदाजपत्रक मोठे आहे आणि ज्याला महिन्यातून दोनदा सुरत किंवा नाशिक गाठावे लागते, त्याने दीडशे अश्वशक्तीच्या व्हर्टस जीटी किंवा तिची जुळी बहीण स्कोडा स्लाव्हिया पाहावी. व्हर्टसच्या डिकीत ५२१ लिटर सामान मावते, आणि भार कमी असताना इंजिनचे दोन सिलिंडर आपोआप बंद होऊन इंधन वाचते. २०२५ मध्ये भारतात आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय (सुमारे ५३ लाख) आणि केवळ शंभर नगांची ऑक्टाव्हिया आरएस (सुमारे ५० लाख) यांचे स्वप्न पाहायला पैसे पडत नाहीत. देवगोईच्या घाटात त्यांच्या ताकदीचा पाव हिस्साही वापरता येणार नाही.

विजेवरील मोटारींचा विचार टाळून चालणार नाही. शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क आणि उतरणीला ब्रेकऐवजी मोटरच ऊर्जा परत बॅटरीत भरते, हे दोन्ही गुण घाटासाठी जणू घडवलेले. वर उल्लेखलेल्या दोन युनिटांतील बराचसा भाग येथे परत मिळतो. चाकणला तयार होणारी, मागच्या चाकांवर चालणारी महिंद्रा बीई ६ ही ताकद आणि २०७ मिलिमीटर उंची एकत्र देते. परंतु घरी स्वतःचा चार्जर बसवण्याची सोय असेल तरच. सातपुड्यात जाताना परतीचा वीजसाठा घरूनच न्यावा, असे समजून चालावे.

जुनी मोटार घेणाऱ्यांसाठी पोलो जीटी टीएसआय आजही मोहाचा विषय आहे. ती घेताना थंड इंजिन सुरू करून पाहावे, गिअरपेटी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देते का ते गर्दीतून चालवून तपासावे आणि संगणकीय प्रणालीत फेरफार करून ताकद वाढवलेली नाही ना, याची खातरजमा करावी. असा फेरफार विम्याच्या दाव्यात अडचण आणू शकतो, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या मोटारी २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला अनुकूल आहेत का, हे मालकपुस्तिकेत पाहावे.

खर्चाची मांडणी करताना शोरूम किंमत फसवी ठरते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के रस्ता कर लागतो, डिझेलला त्याहून दोन टक्के अधिक. बारा लाखांच्या पेट्रोल मोटारीवर तो १ लाख ४४ हजार होतो. गुजरातेतील नातेवाइकाच्या नावावर नोंदणी करण्याची युक्ती सीमाभागात सर्रास सांगितली जाते. मोटार कायमची येथेच वापरायची असेल, तर तिला ‘एमएच ३९’ करून घेण्याचा भुर्दंड आज ना उद्या पडतोच.

त्याहून मोठा खर्च अंतराचा आहे. ज्या कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र नंदुरबारमध्ये नाही, तिची मोटार प्रत्येक सर्व्हिसला धुळे किंवा सुरतेला न्यावी लागते. एक दिवस, इंधन आणि दिवसभराची रजा. टर्बो इंजिन तेलाबाबत चोखंदळ असते. वेळेवर आणि नेमक्या प्रतीचे तेल न मिळाल्यास बिघाड टर्बोपासून सुरू होतो. मोटार पसंत करण्यापूर्वी त्या केंद्रावर जाऊन समोरचा बंपर, हेडलॅम्प आणि क्लच यांच्या किमती व ते मागवायला लागणारे दिवस विचारून घ्यावेत.

चाचणीफेरी घेताना विक्रेता शेजारी बसवून महामार्गावर दोन किलोमीटर नेतो आणि परत आणतो. त्यावर समाधान मानू नये. घरातील चौघे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून, जवळच्या एखाद्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० वरून मोटार कशी उचलते, ते पाहावे. मागे बसलेल्यांना विचारावे. रात्रीची फेरी मिळाली तर हेडलॅम्पचा झोत वळणावर कोठवर पोहोचतो, तेही कळते. आणि पुढे कधी काठीला निघालात, तर टाकी अक्कलकुव्यातच भरून, टायरची हवा आणि स्टेपनी तपासून मगच घाटाला लागावे.